तालमीतली शांतता

ती. बाबा,
इतक्या लांबून तुमच्या पायांवर डोकं टेकवते.

मी धडधाकट आहे, वेळेवर जेवते. पण काल जे घडलं ते अजून खरं वाटत नाही.

माझ्या नव्या रचनेची तालीम होती. समोर वाद्यवृंदाचे म्हातारे संचालक. इथे मला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांनीच माझं संगीत वाजवायला घेतलं होतं. रचनेत मधे एक शांततेची जागा आहे. त्यांनी खूण केली, सगळी वाद्यं थांबली. मग ते आपल्या मंचाच्या कठड्याला टेकून, मान खाली घालून उभेच राहिले. मला वाटलं, वा, काय थांबलेत! कोणीच हललं नाही. आणि ते कोसळले. हृदय बंद पडलं होतं.

"आता कार्यक्रमात त्यांच्या जागी तूच उभी राहा," व्हायोलिनवाल्या बाई म्हणाल्या.

"मला नाही जमणार हो."

"मग कोणाला जमणार?"

हो म्हणून बसलेय.

बाबा, जिना चढताना तुम्हाला दम लागतो, असं आई म्हणाली. तुम्ही तिला गप्प केलंत म्हणे. मला करू नका. उद्याच डॉक्टरकडे जा आणि लगेच फोन करा.

तुमची,
धाकटी