थोरलीच्या मागे होडी

७ एप्रिल

चि. बाळ यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी बोलते आणि तू 'हं, हं' करतोस. फोन ठेवला की माझं अर्धं बोलणं तुझ्या शेडमधल्या भुशात पडतं. कागदावर हं करून भागत नाही, उत्तर द्यावं लागतं. माझं शिक्षण चौथीत संपलं, तेव्हा अक्षराला नावं न ठेवता वाच.

ताई, होडी ओढून नेशील का, एवढंच विचारायचं होतं ना? त्याला दीड पान? नेते. झालं. आता मी काय समजले ते लिहिते, चुकलं असेल तर सांग. नावाड्याची जुनी होडी कुजली. पलीकडच्या काठावरची पोरं तिच्यातूनच शाळेत जातात. शाळा उघडायच्या आत तुझी नवी होडी पाण्यात असली तर तो तुझी घेणार, नाहीतर फायबरची आणणार. फायबरची आली की बाकीचे नावाडीही तीच घेणार. मग तू शेडला कुलूप लावून सासऱ्यांच्या गोदामात पोत्यांवर लक्ष ठेवत बसणार. बाळ, तू गोदामात आठवडा काढलास तर वाळून जाशील. तुला सुकायला ठेवलेल्या लाकडाशी बोलायची सवय, पोती काय बोलणार तुझ्याशी?

ट्रकवाले त्या घाटात येत नाहीत हे खरं आहे, वळणं अरुंद आहेत. माझी गाडी आणि ट्रेलर जाईल. लोक तिला एसयूव्ही म्हणतात, आम्ही थोरली म्हणतो. धाकटी म्हणजे यांची स्कूटर. घेतली तेव्हा सगळे हसले, की रोपांच्या नर्सरीला हत्ती कशाला. आता त्याच हसणाऱ्यांचं फर्निचर, पाण्याच्या टाक्या आणि एकदा तर अख्खा पियानो मी ओढून दिलाय. तेल मी वेळेवर बदलते, हवा आठवड्याला बघते, चिखलातून आली की खालून धुते. हे म्हणतात, बायकांना सवत असते, मला ही गाडी आहे.

होडीचं वजन कळव. अंदाजे नको. तुझं अंदाजे मला माहीत आहे, लग्नात तू म्हणालास अंदाजे पन्नास माणसं येतील, आणि मांडव मोडायची वेळ आली होती.

वहिनीला सांग, पाठदुखीला शेक घे, गोळ्या खाऊ नको. लोभ आहेच, तो पत्रात लिहून वाढत नाही.

तुझी ताई

*

१९ एप्रिल

ती. ताईस,

बाळचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र वाचून शेडमधले दोघेही कामगार हसले, कारण मी ते मोठ्यानं वाचलं. तुझं पत्र मनात वाचलं तरी मोठ्यानंच ऐकू येतं.

वजन घेतलं. प्रत्येक फळी बसवण्याआधी काट्यावर ठेवतो आहे आणि भिंतीवर खडूनं लिहितो आहे. पूर्ण झाली की साडेपाचशे किलोच्या आत बसेल. इंजिन नावाड्याकडचं जुनंच लावायचं आहे, ते तिकडेच. म्हणजे तुझ्या थोरलीला नुसतं लाकूड ओढायचं आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. बाबांची रीत तुला आठवत असेल. होडी शेडमधून रिकामी बाहेर काढायची नाही. वल्ही, नांगर, साखळी, दोर, डांबराचा डबा, पाणी उपसायचं टमरेल, सगळं तिच्या पोटात घालून पाठवायचं. बाबा म्हणायचे, रिकामी गेलेली होडी रिकामीच राहते. मी आजवर एकही रिकामी पाठवली नाही.

भाच्याचा फोन आला होता. आई या वयात घाटात ट्रेलर ओढणार, मामा, तुम्ही तरी सांगा, म्हणाला. पगारी ड्रायव्हर पाठवतो म्हणतो. मी हं म्हटलं. तुला कळवणं माझं काम, म्हणून कळवलं. माझ्यावर ओरडू नकोस.

सासरे परवा येऊन गेले. गोदामाशेजारची खोली रंगवून ठेवली आहे म्हणतात. हिनं खिडकीचं माप विचारून घेतलं. मी तेव्हा रंधा मारत होतो, मान वर केली नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझा रागही माझ्यासाठी आशीर्वादच, तो असाच राहू दे.

तुझा बाळ

*

२ मे

चि. बाळ यास,

आशीर्वाद. वि. वि. तुझ्या भाच्याचा बंदोबस्त झाला. त्याला म्हटलं, तुला पहिल्यांदा गाडी शिकवली ती कुणी, आणि पहिल्याच दिवशी कुंपण कुणी पाडलं? ड्रायव्हरचा विषय संपला.

गाडीचं सांगते. आमचा मिस्त्री, त्याला सगळे 'पाना'च म्हणतात, दोन दिवस थोरलीच्या खाली झोपून होता. ब्रेकचे पॅड बदलले, कूलंटचा एक पाइप फुगला होता तो काढला, गिअरचं तेल नवीन घातलं. मग मी त्याला ट्रेलरची चाकं दाखवली. तो म्हणाला, नक्षी तर अजून शाबूत आहे. मी म्हटलं, नक्षी बघू नकोस, कडा बघ. उन्हात उभं राहून रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. टायर न पळताही म्हातारा होतो. दोन्ही नवीन टाकले. मागचे दिवे लागत नव्हते, वायर उंदरानं खाल्ली होती. ती पण झाली.

आता बाबांच्या रीतीचं. बाबा होडी शेडपासून पाण्यापर्यंत न्यायचे, मधे घाट नव्हता. नीट वाच आणि दोनदा वाच. ट्रेलरवर वजन थोडं पुढे पाहिजे, म्हणजे हूक दाबला जातो आणि ट्रेलर गाडीच्या मागे गप्प येतो. फार पुढे गेलं तर गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं, आणि स्टेअरिंग रुसलेल्या जावयासारखं ऐकेनासं होतं. मागे गेलं तर त्याहून वाईट. ट्रेलर डावीउजवीकडे झुलायला लागतो, आणि उतारावर झुलला तर गाडीलाच घेऊन जातो. म्हणून नांगर, साखळी, डबे, काय असेल ते माझ्या डिकीत येईल. होडीत काही नाही. टमरेलसुद्धा नाही.

मी खताची पोती भरून इथल्या चढावर दोनदा जाऊन आले. पोती मागे सरकवून पण बघितली. हे शेजारी बसले होते, त्यांनी दार धरून देवाचं नाव घेतलं. परत पुढे सरकवल्यावर म्हणाले, आता बरं वाटतंय. म्हणजे बघ, यांनाही कळलं.

खिडकीचं माप घेतलं म्हणून वहिनीवर चिडू नको. तिला घर चालवायचं आहे. तू होडी पुरी कर, पडदे आपोआप पडून राहतील.

माया आहे म्हणून एवढं लांबलचक लिहिते, नाहीतर माझा हात दुखतो.

तुझी ताई

*

२० मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. होडी पुरी झाली. भिंतीवरची बेरीज मी कळवलेल्या आकड्यातच आहे.

वाईट बातमी म्हणजे शेवटची फळी उतरवताना माझ्या पायावर आली. हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे, तेव्हा मी तुझ्याबरोबर येऊ शकणार नाही. डॉक्टर म्हणाले, पाय खाली सोडायचा नाही. नावाड्याला कळवलं. तो म्हणाला, माणूस नको, होडी येऊ दे. फायबरवाला दलाल त्याच्याकडे रोज येऊन बसतो म्हणे.

तू ये. चार माणसं सांगून ठेवली आहेत, ती चढवून देतील. होडीचं नाक गाडीकडेच असेल. वर ताडपत्री बांधून ठेवतो, उन्हानं फळ्या सुकू नयेत म्हणून.

माझं काम तुझ्या हाती देतो आहे. तू रागावत राहा, पण सांभाळून चालव.

तुझा बाळ

*

३ जून, नावाड्याच्या ओसरीवरून

बाळ,

आशीर्वाद देते, पण आधी शिव्या मोज.

तुझ्या शेडमधून निघाले तेव्हा मी काय काय बघितलं ते तू प्लास्टर स्टुलावर टेकवून बघत होतास. हूक बसला, साखळी अडकवली, दिवे लागले, टायरची हवा, पट्टे ओढून घेतले. ताडपत्री मात्र मी उचलली नाही. तुझ्या गाठी इतक्या नेटक्या होत्या की सोडवायला मन झालं नाही. तू तेव्हा 'हं' म्हणालास. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चढ चांगला गेला. एसी बंद ठेवला, काच खाली, तापमानाचा काटा मधे. यांनी टोपीनं वारा घेतला. माथ्यावर थांबून इंजिन थंड केलं. मग उतार लागला. मी दुसरा गिअर टाकला, ब्रेकला पाय नुसता लावून ठेवला. तिसऱ्या वळणाच्या पुढे सरळ रस्ता आहे, तिथं आरशात बघते तर ट्रेलर डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, जास्त. थोरलीचं मागचं अंग खेचलं जायला लागलं. हे ओरडले, ब्रेक मार, ब्रेक मार! मी म्हटलं, गप्प बसा. त्यावेळी ब्रेक दाबला असता तर होडी, थोरली आणि हे, तिघंही दरीत गेले असते. मी स्टेअरिंग सरळ धरलं, झुलण्याशी भांडले नाही, आणि गिअरनंच वेग मरू दिला. हळूहळू तो गप्प झाला. पुढे रुंद जागा होती, तिथं उभी केली. हे उतरले आणि दगडावर बसले.

ताडपत्री सोडली. मागच्या टोकाला, फळीखाली सरकवून ठेवलेलं: नांगर. साखळी. दोर. डांबराचे दोन डबे, एक नाही. आणि टमरेल!

मी तिथं जे बोलले ते घाटात अजून घुमत असेल. हे पण हसायला लागले, घाबरून हसले की खरं, माहीत नाही. सगळं उचलून डिकीत टाकलं. दोर मात्र होडीच्या नाकात ठेवला. कारण तुझ्या बापाची रीत म्हणजे माझ्याही बापाची. रिकामी मीही नेली नाही. पण पुढे ठेवून नेली, एवढं समज. उरलेला घाट ट्रेलर वासरासारखा मागे आला.

खरं संकट पुढेच होतं. काठावर वीसेक माणसं जमली होती, दलाल पण. ट्रेलर पाण्यात मागे घेतला, होडी उतरवली, सुंदर बसली पाण्यावर. नावाडी खूश. आणि घटकाभरात तळातून पाणी झिरपायला लागलं. एका फटीतून नाही, चारपाच ठिकाणांहून. दलाल चष्मा पुसायला लागला. मला त्याचा चष्मा फोडावासा वाटला. नावाडी म्हणाला, बाई, यात मी पोरं बसवू?

तुला फोन लावला. तू म्हणालास, 'पिऊ दे तिला, ताई, तहानलेली आहे,' आणि फोन कट झाला. एवढंच. मी ते नावाड्याला सांगितलं, तर तो म्हणाला, सांगायला काय जातं. बाळ, मला लाकडातलं काही कळत नाही, आणि पोहता तर मुळीच येत नाही. पण तू लाकडाबद्दल कधी अंदाजे बोलत नाहीस, माणसांबद्दलच बोलतोस. म्हणून मी साडी खोचली, होडीत चढले आणि मधल्या फळीवर बसले. म्हटलं, बुडाली तर माझ्यासकट बुडेल. नावाड्यालाही लाज वाटली, तो चढला. त्यानं टमरेल घेतलं. तो उपसत होता, मी फटींकडे डोळे लावून होते. पाणी घोट्यापर्यंत आलं, तिथंच थांबलं. मग उतरायला लागलं. फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या. ऊन कलेपर्यंत टमरेलाला उपसायला काही उरलं नाही. नावाडी हातानं तळ चाचपत राहिला, कोरडा. दलाल कधी गेला, मला दिसलं नाही.

नावाड्यानं इंजिन चढवलं, मला पलीकडे नेऊन आणलं. तिथल्या आयांनी होडीला हात लावून बघितला, मलाही बघितलं. होडी घेतली त्यानं. दोन वर्षांनी एक आणखी हवी म्हणतो. मी तुझ्या वतीनं हो म्हटलं नाही. ते तुझं तू म्हण, आणि 'हं' नको, पुरा शब्द म्हण.

उद्या परत निघते. ट्रेलर रिकामा आहे, तरी सावकाश येईन. पाय वर ठेव. तुझ्यावर जीव आहे, म्हणून दरीत ढकलत नाही.

तुझी ताई

*

१४ जून

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र आलं तेव्हा सासरे बसलेले होते. टेम्पो घेऊनच आले होते, सामान न्यायला. ही आतून पेटी बाहेर आणत होती.

मी पत्र वाचलं. नांगराशी पोचलो तेव्हा ती ओळ दोनदा वाचली. चुकलोच, ताई. तू होडीत बसलीस तिथं मात्र मला पुढचं वाचता येईना, तेव्हा हिनं हातातून घेऊन वाचलं, सासऱ्यांना ऐकू जाईल असं. पुरं झाल्यावर तिनं पत्राची घडी घातली. सासरे म्हणाले, छान झालं, पण एका होडीवर संसार होत नाही. खोली तयार आहे, चला.

मी काठी घेऊन उठलो. म्हटलं, मामंजी, मला येता येणार नाही. नावाड्याला दुसरी होडी द्यायची आहे. लाकूड आत्ता घेतलं तरच बांधायच्या वेळेपर्यंत नीट वाळेल. मला वेळ नाही.

ताई, मी आयुष्यात कुणाला 'वेळ नाही' असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर मलाच भीती वाटली. सासरे हिच्याकडे बघायला लागले, ती काही बोलेल म्हणून. ती म्हणाली, बाबा, खरंच नाही त्यांना वेळ. आणि पेटी उचलून परत आत घेऊन गेली.

आलेला टेम्पो रिकामाच फिरू नये म्हणून सासऱ्यांनी त्यातून वखारीतलं लाकूड आणून दिलं. आज दुपारी ते आम्ही शेडमध्ये रचलं. मी एका पायावर उभा राहून सांगत होतो, आणि सासरे उचलत होते.

तुझ्या मायेवर आमचं घर उभं आहे. ती जराही कमी करू नकोस.

तुझा बाळ