रुक्मिणीचे संमतीपत्र

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
लहरध्वनी मोबाइल सेवा,
विभागीय कार्यालय, पवई, मुंबई.

अर्जदार : सगुणा तुळशीदास कोळी, माहुल कोळीवाडा. (अर्ज लिहिणारी : मुलगी भाविका)

विषय : करार संपूनही लॉक असलेला बोटीवरचा मोबाइल खुला करून मिळणेबाबत.
संदर्भ : रुक्मिणी यांचे संमतीपत्र मागणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदाराचे पती तुळशीदास यांनी आपल्या मच्छीमार योजनेतून दोन वर्षांच्या करारावर सदर मोबाइल घेतला. तो पाण्यात पडला तरी चालतो, हे आपल्या माणसाने बंदरावर बादलीत बुडवून दाखवले होते आणि ते खरे निघाले. करार श्रावणात संपला. संपल्यावर लॉक काढून देऊ, असे करारातच छापलेले आहे. सबब अर्जदार मेहेरबानी मागत नाही.

२. खाडीत आता पूर्वीसारखी मासळी नाही, म्हणून बोट बाहेर समुद्रात न्यावी लागते. तिथे आपली रेंज येत नाही. शेजारच्या धाकूभाऊंच्या फोनला, कंपनी दुसरी असल्याने, त्याच जागी येते. गेल्या उधाणात तुळशीदास यांचे इंजिन बंद पडले, तेव्हा धाकूभाऊ नशिबाने जवळ होते म्हणून घरी निरोप तरी आला. परतल्यावर धाकूभाऊंचे सिम या फोनात घालून पाहिले. फोनने ते घेतले नाही. साधा फोन बोटीवर खाऱ्या पाण्याने खराब होतो, त्यामुळे 'दुसरा घ्या' हा सल्ला कृपया देऊ नये.

३. लॉक काढण्यासाठी तुळशीदास यांनी रीतसर अर्ज केला. त्यावर आपले कार्यालय पडताळणीचा फोन करते, तोही याच फोनवर आणि दिवसाच. दिवसा ते समुद्रात असतात. म्हणजे आपला फोन लागत नाही म्हणून अर्ज केला, आणि फोन लागला नाही म्हणून आपण अर्ज बंद केला. असे वारंवार झाले.

४. अखेर तुळशीदास धंदा बुडवून घरी बसले आणि आपला फोन आला. येथे नमूद करावेसे वाटते की ते पूर्वी मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. वायरलेसवर माणूस स्वतःचे नाव सांगत नाही, बोटीचे सांगतो. ती सवय गेलेली नाही. आपल्या माणसाने "कोण बोलतंय?" विचारताच ते ओरडले, "रुक्मिणी, माहुल! बोला!" फोन कोणाकडे असतो असे विचारले, तेव्हा म्हणाले, "रुक्मिणीवरच असतो." यात एक अक्षर खोटे नाही.

५. त्यानंतर आपले पत्र आले की, सदर फोन रुक्मिणी नामक त्रयस्थ महिलेच्या ताब्यात असून तिचे संमतीपत्र व आधारकार्ड सादर करावे. या पत्रावरून अर्जदाराला मासळी बाजारात काय काय ऐकावे लागले, ते लिहिणे प्रशस्त नाही. रुक्मिणी ही बोट आहे. सासूबाईंचे नाव तिला दिले आहे. तिला सही येत नाही.

६. अर्जदार पवईला समक्ष येऊन गेली. खिडकीवरच्या श्वेता मॅडमनी नीट ऐकून घेतले, पाणीही दिले. पण संगणकात बोटीसाठी जागा नाही म्हणाल्या, आणि चांगल्या मनाने उपाय सुचवला : रुक्मिणी हयात नाहीत असे निवेदन लिहून द्या, काम लगेच होईल. अर्जदार तशीच उठून आली. बोट पाण्यात असताना ती नाही असे कोळ्याची बायको तोंडाने बोलत नाही, मग सही करून कशी देईल? (हे वाक्य आईने असेच लिहायला सांगितले आहे.)

७. आज तुळशीदास पहाटे निघाले. दुपारी बंदरावर धोक्याचा बावटा लागला. ज्यांचे फोन लागले त्यांना बायकांनी परत बोलावले. धाकूभाऊही आले. वाटेत रुक्मिणी कोणाला दिसली नाही. अर्जदार सारखा फोन लावते आहे आणि आपली रेकॉर्ड केलेली बाई शांतपणे सांगते की ही व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे. साहेब, ते आम्हाला माहीत आहे. आम्हाला त्यांना परत या एवढेच सांगायचे होते.

८. तरी विनंती की, तुळशीदास आले की अर्जदार फोन घेऊन आपल्या दारात येईल, तेव्हा तो तिथेच, समोरच खुला करून द्यावा. पुन्हा पडताळणीचा फोन करू नये, अर्जदाराच्या नंबरवरही नाही. अनोळखी नंबर वाजला की अर्जदार आधी बंदराकडे धावते.

आपली नम्र, बंदरावर उभी असलेली,
सगुणा तुळशीदास कोळी

माहुल, दि. १४ ऑक्टोबर २०२५, दिवेलागण

सोबत :
१. कराराची प्रत.
२. रुक्मिणीच्या नोंदणीची प्रत व फोटो. (पुढे उभे आहेत ते तुळशीदास.)
३. रुक्मिणी हयात नसल्याचे निवेदन. जोडलेले नाही. जोडणार नाही.