पट्टीतला लाल धागा

अण्णा, गेल्या महिन्यात तुमच्या या लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. वयानं मी आता तुमच्या कितीतरी पुढे गेले, तरी तुम्हाला लिहायला बसल्यावर आधी पदर सारखा केला.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये तुम्ही जॉबर होतात, बिघडलेले माग दुरुस्त करायचात. मी दहा वर्षांची असताना तुमचा डबा घेऊन आले होते. मागावर पांढराशुभ्र टॉवेल उतरत होता, त्यावर मी कौतुकानं हात फिरवला आणि हाताची शेंगाचटणी त्याला लागली. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "हात धुतले का? हात धुतल्याबिगर मालाला शिवायचं न्हाय." मला रडू आलं, तेव्हा समजूत काढायला म्हणून तुम्ही मला लाल धाग्याची गंमत दाखवलीत. पाळी बदलताना कापडाच्या काठाला लाल सुताचा तुकडा अडकवायचा, म्हणजे कुणाचं काम कुठं संपलं ते कळतं आणि एकाच्या डागाचा दोष दुसऱ्यावर जात नाही. मी तो तुकडा घरी आणून जपून ठेवला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी तुमचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात तुम्ही स्वतः पिशवी धरून चालत गेलात. शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडचे एक म्हातारे बाबा होते. पायाची जखम चिघळून दोन महिने पडून होते आणि जवळ कुणी नव्हतं. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, "त्यांचं कुणी न्हाय हितं. पाणी दे, पाय जरा उचलून ठेव." मी करत होते. त्यांच्या पट्टीतून सारखा पू झिरपायचा. हाताला लागला की मी लुगड्याला पुसायची.

सिस्टर मात्र मला पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. भरभर चालायची, हसायची नाही, आपल्या खाटेशी थांबायची नाही. आपल्या चाळीत तर बायका छातीठोकपणे सांगायच्या की दवाखान्यातली औषधं मागच्या दारानं विकतात आणि सुईत नुसतं पाणी भरतात. मी जन्माची संशयी, दूधवाल्याच्या मापावरसुद्धा डोळा ठेवणारी. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर यायच्या आत मी तुमच्या पट्टीची चिकटलेली कड उचलली आणि आत घरून आणलेला तो लाल सुताचा तुकडा सारला. पट्टी बदलली तर धागा जाईल, नाही बदलली तर राहील. तुमचीच युक्ती तुमच्यावर वापरली. चौथ्या दिवशी कड उचलून बघते तर धागा तिथंच! मी सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला.

सिस्टर शांतपणे म्हणाली, "जखम कोरडी आहे. उघडायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हीही हात लावू नका." माझा विश्वास बसला नाही. तुम्ही मला जवळ बोलावून सांगितलंत, "तिच्या मागं लागू नगं पोरी. ती तिचं काम करती की." त्यावरही मला वाटलं, तुम्ही भोळे.

पाचव्या दिवशी तुम्हाला ताप भरला आणि टाके सुजले. इंजेक्शन बदललं, मग पुन्हा बदललं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही. मी ऐकलं ते एवढंच की औषधात औषध नाही. अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. तेराव्याच्या आतच मी तक्रारीचा अर्ज लिहिला की सिस्टर पट्टी बदलत नव्हती आणि इंजेक्शनात पाणी भरत होती. धाग्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. सिस्टरला वॉर्डातून काढलं. पुढं तिचं काय झालं, ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचा ताप उतरत नव्हता. तिच्या पूच्या तपासणीचा कागद आला. त्यावर औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच इंग्रजी अक्षर, 'आर', म्हणजे हे औषध चालणार नाही. मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ते हात साफ करायचं बाटलीतलं औषध हाताला चोळत सांगत होते की औषध अस्सल असलं तरी हे जंतू त्याला दाद देत नाहीत, दवाखान्यात राहून निबर होतात आणि बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरून एका खाटेवरून दुसरीकडे जातात. मी विचारलं, पन्नास वर्षांपूर्वी पण असायचे का असले जंतू? "असायचे की, आजी," ते म्हणाले.

अजूनही मी हट्टानं दुसऱ्या कुणाला तरी धरून बघते. कात्री नीट उकळली नसेल. डॉक्टरांचाच हात असेल. सिस्टरसुद्धा असेल, का नसेल? आता नक्की कुणालाच सांगता यायचं नाही, असं डॉक्टरही म्हणतात. पण अण्णा, कुणावरही संशय घेतला तरी तो फिरून त्या लाल धाग्याशी येतो. मला त्या बाईची क्षमा मागायची आहे आणि तिचं नावसुद्धा मला आठवत नाही.

हा कागद मी कपाटात चादरींच्या तळाशी ठेवणार आहे. पण एक राहिलं. त्या सकाळी मी पट्टीची कड उचलली तेव्हा तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "हात धुतले का गं?" मी "व्हय" म्हटलं. मी शेजारच्या म्हाताऱ्या बाबांचा चिघळलेला पाय उशीवर ठेवून सरळ तुमच्याकडे वळले होते. नळ व्हरांड्याच्या टोकाला होता आणि सिस्टर यायची वेळ झाली होती. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.