घाटहिप्परग्याचा उतार आणि 'तडी' हा शब्द

मी रामकिशन बिन उद्धवराव, वय अंदाजे बासष्ट, राहणार घाटहिप्परगा, मांजरा नदीच्या उताराचा, म्हणजे पायी पाणी ओलांडायच्या जागेचा, पिढीजात वाटाड्या, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. भीती मात्र आहे, आणि तीही बंडोपंत मास्तरांनी लिहून घ्यावी.

नदीच्या वरच्या अंगाची दोन गावे परवा लुटारूंच्या टोळीने जाळली. ती टोळी आता इकडे वळली आहे. उद्या उजाडताच चाळीस माणसे मला उतारावरून पैल काठी न्यायची आहेत. तिथून ती मंठाळच्या वाटेने मुलखाबाहेर जातील. त्यांत निम्मी उदगीरकडून पळून आलेली, कानडी न कळणारी आहेत. पाणी कमरेला आहे आणि गढूळ आहे.

कलम १. उतार म्हणजे आपली जुनी पेठ. माझ्या आजाच्या काळी नदीने पात्र बदलले आणि ती पेठेवरून वाहू लागली. अर्धे गाव पैल राहिले, ते कानडी बोलते; अर्धे ऐल आले, ते मराठी. पेठेचा फरसबंद रस्ता पाण्याखाली अजून शाबूत आहे. महादेवाच्या पायरीवरून निघावे, पैलच्या दर्ग्याचा घुमट नाकासमोर धरावा. मध्यावर चौथरा पायाला लागला की थांबावे आणि उजवीकडे सात पावले टाकावीत. सरळ गेल्यास पेठेचा आड आहे. त्याचा तळ मला कधी लागला नाही. ही खूण मी सगळ्या गावाला देतो.

कलम २. दोन खणांचे घर, म्हैस, पाण्यात तरायची भोपळ्यांची सांगड आणि पाणी चाचपायचा माझा बांबू राजूबाईला, म्हणजे कैलासवासी अंकुशच्या विधवेला, द्यावा. सतरा वर्षे तिने मला भाकरी दिली. पुतण्याने हरकत घेऊ नये. घ्यायचीच असेल तर मला एकदा तरी पाणी तापवून दिल्याचे त्याने आधी सांगावे.

कलम ३. बसलिंगप्पांनी उताराचे चार दगड उपटून गोठ्याला लावले. ते मी माफ केलेले नाही. उद्या मी त्यांना हात धरून पलीकडे नेईन आणि जगलो तर पुन्हा भांडेन.

कलम ४. हे सांगताना मी दोनदा उठून गेलो. सतरा वर्षांमागची गोष्ट. अंकुश उदगीरकडचा, गावात नवा, त्याला कानडीचा शब्द येत नव्हता. पाठीवर मिठाचे पोते घेऊन तो उतारावरून पुढे चालला होता, मी मागे होतो. तो चौथऱ्यावरून सरळच निघाला हे पाहून मी घाबरून ओरडलो, "तडी! तडी!" माझी आई अक्कम्मा आळंदकडची, कानडीत तडी म्हणजे थांब. मराठी कानाला तडी म्हणजे काठ. काठ आला असे समजून त्याने पाऊल उचलले आणि तो आडात गेला. गावाला मी सांगितले, पाय घसरला.

भ्यालो की माझ्या तोंडून आईची भाषा निघते. उद्या मी चौथऱ्यावर उभा राहून एकेकाला वळवणार आहे, आणि मी भ्यालेला असणार. टोळीपेक्षा, पाण्यापेक्षा मला त्या शब्दाची भीती वाटते. कालपासून म्हशीसमोर "थांबा, थांबा" घोकतो आहे. म्हैस थांबते, माझी जीभ ऐकेल की नाही, देव जाणे.

कलम ५. मी बुडालो तर माझ्यासाठी कोणी खोळंबू नये. राजूबाईने मला क्षमा करावी असे मी लिहवणार नाही, तेवढे तोंड मला नाही.

वरील मजकूर सर्वांसमक्ष वाचून दाखवला. मास्तर म्हणाले, जिला मिळकत जाते तिची साक्ष चालत नाही. तरी राजूबाईने आपले बोलणे लिहायला लावले, ते असे:

"अण्णा, कामून भ्यायलाव? मी घाटावरच हुते त्या दिशी, तुमची हाक आयकली हुती. तडी म्हंजी काय, ते तुमच्या आईनंच मला शिकवलंय, पंधरा वर्सं झाली. उद्या पयली मी येते. तुमी तडी म्हनलाव तर मी थांबंन, अन् मागच्यास्नी थांबा म्हनंन."

रामकिशन बिन उद्धवराव, निशाणी अंगठा
लिहिणार: बंडोपंत मास्तर
साक्षीदार: बसवंतप्पा, गुरुपादय्या
मुक्काम घाटहिप्परगा, भाद्रपद शुद्ध तृतीया, शके १८७०, फसली १३५७

राजूबाई, निशाणी अंगठा. साक्षीदार म्हणून नव्हे. उद्या रामकिशनच्या मागे पहिली चालणार म्हणून.