दोराला हात लावला त्याचा वाटा

९ जानेवारी

जिवंत आहोत. आधी तेवढंच लिहिते. आम्ही दोघं, आणि झाईच्या किनाऱ्यावर आज होता तो प्रत्येक माणूस.

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

झाईची सभा आटोपून डहाणूला परत निघालो होतो. डिकीत चिकूचे खोके, माझं भाषण आवडलं म्हणून एका वाडीवाल्याने दिलेले. गाडी हे चालवत होते. आमच्या मुलाने, संजयने दिलेली त्याची जुनी गाडी, बिनक्लचची. वळणावर म्हैस आडवी आली. ह्यांनी वेग कमी करायला पाय टाकला आणि गाडी उलट उसळली. इंजिन किंचाळलं. मी ओरडले, "ब्रेक! ब्रेक दाबा!" हे म्हणाले, "दाबलाय!" गाडी आणखी पळाली. मी आणखी ओरडले. समोर रस्त्याच्या कडेला बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्या, आणि खाली सावलीत बायका बसलेल्या.

ह्यांनी हँडब्रेक ओढला नाही, किल्ली फिरवली नाही. सुरूच्या झाडांमधून होड्या खालीवर करायची वाट आहे, तिच्यात गाडी घातली. थेट किनाऱ्यावर. ओल्या वाळूवरून धावत धावत पुढच्या गाळात रुतली. चाकं तिथेच गरगरत राहिली. मग कुठे किल्लीकडे हात गेला.

एकदम शांत. जरा वेळाने लाटा ऐकू आल्या.

"समुद्रात कशाला घातलीत?" तोंडून पहिलं वाक्य हे निघालं माझ्या!

"होडीला ब्रेक कुठे असतो? थांबवायची तर वाळूवर चढवायची."

तरुणपणी हे बोटीवर तांडेल होते, बोट हाकायचे. पाय गोंधळला असेल नसेल, हात नाही गोंधळले. त्या हातांचे

१० जानेवारी

काल मध्येच झोप लागली. उरलेलं लिहिते, विसरता कामा नये.

भरती लागली होती. पाणी चाकांकडे येत होतं. अख्खा पाडा धावला. होडी ओढायचा जाड दोर गाडीला बांधला आणि "हैसा!" सुरू. मीही धरला. मागून एक जण म्हणाला, "बाय, माइकवर लावता ती ताकद जरा हातात लावा!" एवढ्या घाबरलेल्या अवस्थेत हसले. गाडी वर आली. गाळाने माखलेली, बोटीसारखीच.

होडी ओढायला जो दोराला हात लावील त्याला म्हावऱ्यातला वाटा मिळतो. आमच्याकडे कुठलं म्हावरं? ह्यांनी डिकी उघडली आणि चिकू वाटले. टोप्यांत, पदरांत, ओंजळीत. "आजची मासळी गोड निघाली रे!"

एकीनेच घेतले नाहीत. पार्वतीमावशी. वलांडीखाली सगळ्यांत पुढे बसलेली तीच. गाडी तिच्या अगदी समोरून वळली होती. आणि तीच पहिली दोराला धावली.

"अंगात साखर हाय माझ्या. चिकू नको. वाटा बाकी ठेव तांडेल, मागेन तवा दे."

ह्यांनी तिला हात जोडले. बराच वेळ खाली घेतले नाहीत.

१२ जानेवारी

घरी माणसांची रीघ. प्रत्येकाला मी सांगते: ब्रेक फेल! ओट्यावर आज रीतसर भाषणच झालं. माणसाच्या जिवापेक्षा विक्रीची घाई झालेल्या कारखानदारांवर. टाळ्या पडायच्या तेवढ्या राहिल्या. मागे वळून पाहिलं तर हे आत निघून गेलेले.

नंतर जेवताना म्हणाले, "कांते, ब्रेक फेल म्हणून सांगू नको."

"का? दाबला होता ना तुम्ही?"

"दाबला असं वाटतं. पाय नक्की कुठे होता ते मला ठाऊक नाय."

"अहो, खात्रीने सांगा!"

"खात्री तुझ्याकडे असते. माझ्याकडे नाय."

१४ जानेवारी

संक्रांत. झाईला तिळगूळ पाठवला, प्रत्येक घरी. बसच्या कंडक्टरने डबा नेला, भाडं घेतलं नाही. किती माणसं आपल्याला धरून आहेत आणि आपल्याला पत्ता नसतो.

१५ जानेवारी

गॅरेजवाल्याने गाडी तपासली. ब्रेक उत्तम. पायाखालची मॅट जागच्या जागी. ॲक्सिलरेटर कुठे अडकत नाही. मी त्याला फैलावर घेतलं: म्हणजे माझा नवरा खोटं बोलतो? बिचारा म्हणाला, "काकी, खोटं कोणीच बोलत नाही. पाय चुकला तरी माणसाला ब्रेकच दाबलाय असं वाटत असतं. आणि एखाद वेळी गाडीतही खरंच काही होतं, मग सापडत नाही. काकांचं काय झालं ते मी कसं सांगू?"

हे शेजारी उभे होते. गॅरेजवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं सांगितलंस."

येताना रिक्षाने आलो. गाडी गॅरेजच्या पोऱ्याने दारात आणून लावली.

१७ जानेवारी

या विषयावर सापडेल ते वाचतेय. आयुष्यभर क्रांत्या वाचल्या, उजव्या पायाबद्दल कधी एक ओळ वाचली नव्हती. गाडी पळायला लागली की माणूस पायाखाली जे आहे तेच आणखी जोरात दाबतो. ते ब्रेक नसेल असा संशयच येत नाही. जितकी भीती, तितका जोर. पाय उचलून बघायचं, गिअर काढून न्यूट्रल करायचा, हे सुचतच नाही.

आणि शेजारी कोणी "दाबा! दाबा!" म्हणून ओरडत असेल तर?

मी ओरडत होते. शेवटपर्यंत.

हे ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू ओरडलीस म्हणून तर म्हैस पळाली."

देवा, हा माणूस मला दिलास. (देव मानत नाही. तरी.)

वाक्य मनात तयार होत होतं, भ्यालेला समाज पायाखालचंच आणखी जोराने दाबतो वगैरे. वाढवण बंदराच्या सभेत चाललं असतं. खोडलं. हे सभेत वापरायचं नाही. हे ह्यांचं आहे.

१९ जानेवारी

संजयचा वापीहून फोन. "आई, बाबांना आता गाडी देऊ नकोस. मी गिऱ्हाईक बघतो." मी फोन ह्यांच्या हातात दिला. वाटलं भांडतील. "वीक," एवढंच म्हणाले. किल्ली जाळं विणायच्या सुया ठेवतात त्या डब्यात टाकली.

संजय चूक आहे असं म्हणता येत नाही, हीच पंचाईत. पुढच्या वेळी समोर वाळू नसली तर?

पण हे किनाऱ्यावरही जात नाहीत आता. ओट्यावर बसतात. रस्त्यावरून गाडी जोरात गेली की उजवा पाय जमिनीत रोवतात. मी पाहते, पाहिलं नाही असं दाखवते.

२२ जानेवारी

सायवनला सभा. एसटीने गेले, परत येताना एका शिक्षकाच्या मोटरसायकलवर. सभा चांगली झाली असं सगळे म्हणाले. मला ठाऊक आहे ती लांबली. एरवी हे मागे गाडीत बसून ऐकतात आणि मी वाहवत गेले की हॉर्न देतात. एकदाच. लोकांना वाटतं कोणी तरी रस्ता मागतोय. आज कोणी हॉर्न दिला नाही. बोलत राहिले, बोलत राहिले. मुलं पेंगली.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "किती लांबवलंस?"

"बरंच."

"तरी म्हटलं, उशीर का झाला."

२४ जानेवारी

पार्वतीमावशीचा फोन. "तांडेलला दे." मी स्पीकरवर टाकला.

"माझा वाटा मागते. तलासरीला लेकीकडे जायचं हाय, सुके बोंबील न्यायचेत. एसटीत वासावरून भांडण होते. तू गाडीने सोड."

हे म्हणाले, "मावशे, गाडी काढून टाकतोय. रिक्षा करून देतो."

"रिक्षा नको. दोर मी रिक्षाचा वडला काय?"

"माझा भरवसा नाय आता."

"माझ्या अंगावर येत होतास, वळवलीस ना? मग? चिकू खाल्ले त्यांना इचार भरवसा. माझा वाटा बाकी हाय."

फोन बंद. ह्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. मी एक शब्द बोलले नाही. माझ्यासाठी हा विक्रमच.

संजयला रात्री सांगितलं. चिडला. मग म्हणाला, "निदान तू शेजारी बस. आणि ओरडू नकोस."

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून आले तर हे इंजिन बंद ठेवून गाडीत बसलेले. दार उघडं. पाय उचलतात, ठेवतात, वाकून बघतात. पुन्हा. मग डोळे मिटून. ठेवल्यावर डोळे उघडून बघतात, बरोबर पडला का. मी फाटकाबाहेरच थांबले. शेजारीण म्हणाली, "काकी, आत जा ना, ऊन लागतंय." लागू दे म्हटलं.

२८ जानेवारी

गाडीतच लिहितेय, वही मांडीवर. मावशी पहिल्या एसटीने झाईहून आली, वासावरून भांडतच. बोंबलांची टोपली डिकीत, तरी वास आताच इथे. मावशी आत चहा पितेय, बिनसाखरेचा, आणि त्याबद्दल बोलतेय.

हे चालकाच्या जागी बसलेत. चपला काढून, अनवाणी. "पायाला कळलं पाहिजे कशावर हाय ते." गिअर काढायचा सराव काल दिवसभर केला. गाडी पळाली तर आधी पाय उचलायचा, मग गिअर, मग बाकी, असं त्यांनी मला पाठ करायला लावलंय. ओरडायचं झालं तर "पाय उचला" ओरडायचं.

तलासरीपर्यंत वाळू कुठेच नाही. ते दोघांनाही माहीत आहे.

मावशी आली. मागे बसली. "हाक तांडेल. लेक वाट बघते."

किल्ली फिरली. इंजिन हळू आवाजात चालू आहे. हे पायाकडे बघतायत. मला सांगायचंय: सावकाश चला, उधव्याच्या चढावर जपून, नको वाटलं तर परत फिरू, कोणी काही म्हणणार नाही, आणि त्या दिवशी तुम्ही जे केलंत त्याबद्दल मी अजून नीट

हॉर्न वाजला. एकदाच.

समोर रस्ता मोकळा आहे.