काकूंचं शेवाळ

सर, तुम्ही त्या मॉसला दिलेलं काकूंचं नाव गेल्या महिन्यात बुडायच्या बेतात होतं, आणि ते बुडवायचं की तारायचं हे नेमकं माझ्या हातात आलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या ठाण्याच्या विद्यार्थ्यांना तुम्ही फक्त त्या लॅटिन नावापुढचं आडनाव म्हणून माहीत आहात. तुम्ही असता तर मी सरळ डोंबिवलीला आले असते आणि ओट्याशेजारच्या त्या डुगडुगत्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं असतं. आता लिहून काढते.

ते स्वयंपाकघर मला अजून लख्ख दिसतं. काकू पोह्यांना फोडणी देताहेत, तुम्ही खिडकीशी भिंग डोळ्याला लावून बसला आहात आणि दोघांचं भांडण रंगलं आहे. ओट्यावर वर्तमानपत्राच्या पुड्या करून त्यात ती मॉसची माती भरायची नाही, असा काकूंचा सक्त हुकूम होता, आणि तो आपण कधीच मोडला नाही असं तुम्ही शपथेवर सांगायचात. इमारतीमागच्या विहिरीच्या कठड्यावरून मॉस खरवडायला तुम्ही त्यांचं उलथनं नेलं होतंत, तेवढं मात्र कबूल केलंत, कारण ते वाकून परत आलं होतं. नव्या जातीला त्यांचं नाव दिलंत तेव्हा त्या मला म्हणाल्या, "लोकांच्या बायकांना पाटल्या मिळतात, मला शेवाळ." शेवाळ नव्हे, मॉस, असं तुम्ही बाहेरच्या खोलीतून दुरुस्त केलंत. पण पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या स्वतःच ती बातमी सांगत होत्या, आणि तेव्हा त्यांचा चेहरा पाटल्या मिळाल्यासारखाच असायचा.

झालं असं. टाइप म्हणून, म्हणजे हे नाव नेमकं कोणत्या मॉसचं याचा कायमचा पुरावा म्हणून, तुम्ही जी पुडी ठरवली होती ती कल्याणच्या खाडीकाठची. कॉलेजच्या तळमजल्यात पाणी शिरलं त्या वर्षी तिचा लगदा झाला. आता तुमच्या लेखात उल्लेख असलेल्या उरलेल्या दोन पुड्यांतली एक निवडायची होती. एक येऊरच्या जंगलातली, भरगच्च, बोंडं धरलेली, बघत राहावी अशी. दुसरी तुमच्या इमारतीमागच्या विहिरीवरची, चिमूटभर, निम्मी माती. तुम्हाला त्या दोन्ही एकाच जातीच्या वाटल्या होत्या, पण त्या तशा नाहीत. येऊरच्या मॉसला फार पूर्वीच कुणा परदेशी माणसाने नाव देऊन ठेवलेलं निघालं. नियमाने आधीचं नावच चालतं, म्हणजे येऊरची पुडी निवडली की काकूंचं नाव त्या जुन्या नावात विरून जाणार. विहिरीची निवडली तरच ते टिकणार. मी हे फोनवर काकूंच्या कानावर घातलं, आणि घातलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यांचं चुकलं होतं का गं?" तपासून सांगते, म्हणाले.

मनातून मला विहिरीची पुडी हवी होती, म्हणूनच तिला हात लावायची भीती वाटत होती. तुमचं लेखी वर्णन दोन्हींना थोडं थोडं लागू पडत होतं. राहता राहिलं तुम्ही हाताने काढलेलं पानाचं चित्र, त्या बुडालेल्या पुडीवरून काढलेलं. त्यात पानाची मधली शीर टोकाला पोचतच नाही, अलीकडेच थांबते. माझ्या सहकारी बाई म्हणाल्या की जुनी चित्रं अशीच असतात, घाईत रेघ अर्धी राहिली असेल, त्यावर काय विसंबायचं. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. पण मला एम.एस्सी.चं माझं पहिलं चित्र आठवलं. पानाची एक कड दुमडलेली होती, ती मी नीटनेटकी करून काढली होती. तुम्ही वही माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "पान सरळ केलंस. त्याला विचारलंस का?" वर्गात सगळे हसले, मी घरी जाऊन रडले, आणि त्यानंतर एकही पान सरळ केलं नाही. ज्या माणसाने मला तसं सुनावलं तो शीर अर्धी सोडणार नाही. ती अर्धी दिसली म्हणूनच अर्धी काढली असणार.

मग मी आधी येऊरचीच पानं भिजवली. सगळ्यांची शीर थेट टोकापर्यंत. नंतर विहिरीच्या पुडीतलं एक पान गरम पाण्याच्या थेंबात सोडलं. इतक्या वर्षांचा तो वाळका तुकडा हळूहळू उलगडला, हिरवा झाला, आणि शीर टोकाच्या अलीकडे थांबलेली दिसली. दुसऱ्या पानाची तशीच, तिसऱ्याचीही. सर, मी प्रयोगशाळेत एकटीच होते आणि मला रडू आलं. येऊरची पुडी त्यात धरलीत ही तुमची चूकच होती, आणि माझ्या लेखात मी ते स्पष्ट लिहिलं आहे. पण नाव तुमच्या त्या अर्ध्या रेघेने वाचवलं, माझ्या मायेने नाही. काकूंना कळवलं. त्या म्हणाल्या, "शेवाळ राहिलं म्हणायचं. विहीर मात्र सोसायटीने बुजवली हो, तिथे आता गाड्या लागतात." मी जाऊन पाहून आले, खरंच लागतात. आसपासच्या भिंतीही धुंडाळल्या. ते मॉस अजून तरी कुठे सापडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र लेखात घातलेली नाही. विहिरीची पुडी पूर्ण उघडली तेव्हा मॉसच्या झुबक्यात फोडणीच्या मोहरीचा एक दाणा अडकलेला होता. टाइपच्या पुडीत परकं काही सापडलं तर ते वेगळं काढायचं असतं. मी तो तिथेच राहू दिला आणि पुडी तुमच्याच घड्यांवर मिटली. काकूंना काही बोलले नाही, आणि हे पत्रही त्यांच्या हाती लागेल असं कुठे ठेवणार नाही. ओट्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे.