पक्षी उडाले ते बरंच झालं

अहो,

नमस्कार. माझे गुडघे बरे आहेत, घोर लावून घेऊ नका.

काल भर थंडीत जावईबापूंनी आम्हा मायलेकींना पहाटेच उठवून पाणथळीवर पक्षी बघायला नेलं. तिथे मोठमोठी शहाणी माणसं डोळ्यांना नळकांडी लावून चिखलात दबा धरून बसलेली. कशासाठी, तर बदकासाठी! मी शिंकले, तर जावईबापू म्हणतात, "श्श! आई, श्वाससुद्धा हळू घ्या."

घरीही त्यांचं हेच. लेक कुजबुजतच बोलते हो. मी इथे आल्यापासून तिचं हसणं कानावर पडलं नव्हतं.

तेवढ्यात स्वारीचा पाय घसरला आणि चिखलात बसकण! लेक अशी खदाखदा हसली की सगळी पाखरं भुर्र. शहाण्यांनी डोळे वटारले, मीही उलट त्यांच्यावर वटारले.

तिला पुन्हा हसायची सवय लागली की येते. तोवर दूध उतू घालवू नका.

तुमचीच,
लेकीची आई